मूत्रपिंडदाह : रक्षक प्रथिनेच जेव्हा इजा करतात

आंबेगाव तालुक्यातील कळंब असो वा राज्यातील अन्य कोणतेही गाव, मुलांच्या अंगावरील खरूज व पिकलेले फोड बहुधा किरकोळ मानले जातात. परंतु त्यांतील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडदाह उद्भवू शकतो.

ही इजा जंतू प्रत्यक्ष करीत नाहीत. त्यांच्या प्रतिकारासाठी शरीर प्रतिपिंडे निर्माण करते. प्रतिपिंडे व जंतूंचे अंश यांची संयुगे मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांत साचतात. प्रत्येक मूत्रपिंडात अशा सुमारे १० लाख गाळण्या असतात. तेथे रक्तातील पूरक प्रथिने कार्यान्वित होऊन पांढऱ्या पेशींना पाचारण करतात व दाह सुरू होतो. ही प्रथिने खर्ची पडल्याने रक्तातील ‘सी-३’चे प्रमाण घटते, ही खूण निदानास साहाय्यभूत ठरते. बहुधा ६ ते ८ आठवड्यांत ते पूर्ववत होते.

घशाच्या संसर्गानंतर १ ते ३, तर त्वचेच्या संसर्गानंतर ३ ते ६ आठवड्यांनी लक्षणे दिसतात. सकाळी चेहरा सुजलेला, लघवी कमी वा कोऱ्या चहासारखी तांबूस, असे मूल आढळल्यास शिक्षकांनी पालकांकरवी त्यास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. मात्र वाढलेल्या रक्तदाबाकडे दुर्लक्ष झाल्यास ते जिवावर बेतू शकते. खरजेवर वेळीच उपचार, साबण व पुरेसे पाणी यांतच खरा प्रतिबंध आहे.