आरमार कुणाच्या मनगटावर उभे राहिले?

मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभे राहिले की चहूकडे बालाघाटाचे उघडे डोंगर दिसतात. समुद्र इथून फार लांब. दरवर्षी इथून ऊसतोड मजुरांच्या गाड्या जातात. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, कोयता चालवणाऱ्याचे नसते. मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास वाचताना आम्हाला हेच आठवते.

सतराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीज, सिद्दी आणि इंग्रज यांचा दरारा होता. पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय व्यापारी गलबत हाकणे धोक्याचे होते. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी स्वतःची जहाजे बांधायला घेतली. प्रस्थापितांना हे उघड आव्हान होते.

१६७९ साली मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर महाराजांनी तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली, पुढे सिद्दीही आला. पण वारा पडला की इंग्रजांची अवजड जहाजे जागीच अडकत. वल्ह्यांवर चालणाऱ्या मराठी होड्या मात्र उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत. आरमाराचे नेते होते मायनाक भंडारी आणि दौलतखान. वल्ही होती कोळी-भंडाऱ्यांच्या हाती. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली, खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

ध्यानात घ्या, धर्मशास्त्राने समुद्रगमन पातक ठरवले होते. हे 'पातक' ज्यांचे रोजचे पोट होते, त्यांनीच किनारा राखला.

१७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा त्यांना घेता आला नाही. शत्रूला जमले नाही ते घरच्यांनी करून दाखवले! तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरे. पण त्याचा काटा काढण्यासाठी नानासाहेब पेशव्याने इंग्रजांनाच हाताशी धरले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर समुद्रातून वॉटसन-क्लाइव्ह आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज चालून गेली. आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. पुढच्याच वर्षी तोच क्लाइव्ह प्लासी जिंकला.

२०२२ साली भारतीय नौदलाच्या निशाणावर शिवमुद्रेची प्रेरणा असलेला अष्टकोन आला. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्या निशाणाखाली वल्ही मारणारे हात कुणाचे होते, हे आपल्या लेकरांना कोण सांगणार? दुसरे कुणी सांगेल याची वाट पाहू नका. ते आपल्यालाच सांगावे लागेल.