काडतुसाने घडवलेली रायफल

ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांच्या एका मोठ्या गटाने शरणागती पत्करली, तेव्हा ५४ शस्त्रे शासनाच्या ताब्यात दिली. वर्तमानपत्रांत छापून आलेल्या यादीत एके-४७ रायफली होत्या, तशाच इन्सासही होत्या. पहिलीचा आराखडा सोव्हिएत संघातला, तर दुसरीचा पुण्यातला. इन्सास तयार झाली ती भारतीय सैन्यासाठी व सुरक्षा दलांसाठी. तरीही दोन्ही एकाच जंगलात, एकाच गटाच्या हाती सापडल्या.

सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगाव या तालुक्यांतील मुलांना ही नावे शिकवावी लागत नाहीत. पोलिसांच्या खांद्यावर त्यांनी ती पाहिलेली असतात. वर्गात बंदूक आणि गोळीचे उदाहरण फळ्यावर लिहिले, की 'सर, एके-४७ चांगली की इन्सास?' हा प्रश्न ठरलेलाच. हा प्रश्न टाळण्यापेक्षा त्यातून विज्ञान शिकवणे अधिक बरे, असे मला वाटते. त्यासाठी सुरुवात मात्र रायफलीपासून न करता काडतुसापासून करावी लागेल. रायफलीचे वजन, नळीचा व्यास, यंत्रणा, एवढेच काय तिचा जगभर झालेला प्रसारसुद्धा काडतुसाच्या अंगाने पाहिला म्हणजे समजतो.

काडतुसाच्या पोटात

काडतुसाचे चार भाग असतात : पुढे गोळी, मागे पितळेचे किंवा पोलादाचे कवच, कवचात दारू आणि बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी. जुनी काळी दारू म्हणजे सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० टक्के असे मिश्रण. ती जळाली की निम्म्याहून अधिक भाग घनरूपात, म्हणजे काजळी व क्षारांच्या रूपात, मागे राहतो. नळीत असा थर साचत गेल्यास कोणतीही नाजूक यंत्रणा थोड्याच वेळात अडकून बसेल.

हा अडसर रसायनशास्त्राने दूर केला. १८४६ मध्ये शोनबाइन याने कापसावर नत्राम्ल व गंधकाम्लाची क्रिया करून नायट्रोसेल्युलोज मिळवले. पण ते फार वेगाने जळे. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने त्याचा लगदा करून, लाटून, ठरावीक आकाराच्या चकत्या पाडल्या आणि ज्वलनाचा वेग काबूत आणला. ही दारू जवळजवळ पूर्णपणे वायूत रूपांतरित होते. तिच्या कणांचा आकार बदलला की दाब किती वेगाने वाढेल हेही ठरवता येते. आजच्या रायफलीत हा दाब साधारणपणे साडेतीन ते चार हजार वातावरणांपर्यंत चढतो आणि सगळी क्रिया सुमारे एक सहस्रांश सेकंदात आटोपते.

मधले काडतूस

पहिल्या महायुद्धातील रायफली दोन किलोमीटरपर्यंत मारा करतील अशा बेताने बनवलेल्या होत्या. प्रत्यक्षात बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आतच घडत. म्हणजे सैनिक गरजेपेक्षा जड काडतुसे वाहत होता आणि गरजेपेक्षा मोठा धक्का खांद्यावर सोसत होता. दुसऱ्या टोकाला पिस्तुलाची काडतुसे वापरणाऱ्या सबमशीनगन होत्या. त्यांचा मारा शंभर-दोनशे मीटरपलीकडे निरुपयोगी ठरे.

जर्मनीने यातून मधला मार्ग काढला. जुन्याच व्यासाची गोळी ठेवून त्यांनी कवच आखूड केले व दारू कमी केली. या काडतुसासाठी बनवलेली 'स्टुर्मगेवेर-४४' ही असॉल्ट रायफल, म्हणजे चढाईची रायफल, युद्ध संपेपर्यंत चार लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. सोव्हिएत संघाने १९४३ मध्ये आपले ७.६२ × ३९ मि.मी. मापाचे मध्यम काडतूस आखायला घेतले. येथील पहिला आकडा गोळीचा व्यास सांगतो व दुसरा कवचाची लांबी. काडतूस आधी ठरले व रायफल नंतर आली. १९४१ मध्ये ब्र्यान्स्कच्या लढाईत जखमी झालेला रणगाडा दलातील सार्जंट मिखाइल कलाश्निकोव्ह याने इस्पितळात शस्त्रांच्या आरेखनाचा नाद लावून घेतला होता. त्याच्या गटाने या काडतुसासाठी आखलेली रायफल १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारली. तीच एके-४७.

फळ्यावरचे गणित

आता तीन रायफलींचे आकडे घेऊ. पहिली भारतीय सैन्याने १९६०च्या दशकापासून वापरलेली एस.एल.आर. : गोळी ९.३ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ८३० मीटर. दुसरी एके : ७.९ ग्रॅम, ७१५ मीटर. तिसरी इन्सास : ४ ग्रॅम, ९०० मीटर. यांवरून गतिज ऊर्जा अनुक्रमे सुमारे ३२००, २००० व १६०० ज्यूल येते. संवेग सुमारे ७.७, ५.६ व ३.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो.

संवेग अक्षय्यतेच्या नियमाने रायफलीला तितकाच संवेग उलट दिशेने मिळतो. एस.एल.आर.चे वजन ४.४ किलोग्रॅम धरले तर ती सेकंदाला पावणेदोन मीटर वेगाने खांद्यावर आदळते. इन्सासचे वजन ४ किलोग्रॅम धरले तर तिचा वेग ०.९ मीटर येतो. (नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा संवेग येथे धरलेला नाही. तो धरल्यास दोन्ही आकडे काहीसे वाढतात.) वेगातला फरक दुपटीचा दिसला, तरी मागे येणाऱ्या रायफलीची गतिज ऊर्जा इन्सासमध्ये १.६ ज्यूल, तर एस.एल.आर.मध्ये ६.७ ज्यूल, म्हणजे चौपट भरते. सलग गोळ्या झाडताना मोठ्या काडतुसाची रायफल नेमावर का ठरत नाही, याचे उत्तर या दोन ओळींत आहे. भारतीय एस.एल.आर. एका वेळी एकच गोळी झाडणारी ठेवली होती, ती यामुळेच.

वजनाचाही विचार विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. ७.६२ × ५१ मि.मी.चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅम भरते, तर ५.५६ मि.मी.चे सुमारे १२ ग्रॅम. तेवढ्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे नेता येतात. डोंगरात किंवा जंगलात दिवसभर पायी चालणाऱ्याला हा हिशेब सहज पटतो.

आणखी एक गणित मुलांना चकित करते. इन्सासची नळी सुमारे ४६ सें.मी. लांब आहे. एवढ्या अंतरात शून्यापासून ९०० मीटरचा वेग गाठायचा, तर सरासरी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे नव्वद हजार पट असावे लागते.

वायूकडून काम करून घेणे

गोळी नळीच्या तोंडाशी पोचण्यापूर्वीच नळीच्या वरच्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू बाजूला काढतात. तो एका दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याला जोडलेला बोल्ट फिरून कुलूप उघडतो, रिकामे कवच बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येताना पुढचे काडतूस नळीत बसवतो. इंजिनातील सिलिंडर व दट्ट्याच येथे वेगळ्या रूपात भेटतात. कलाश्निकोव्हने हलते भाग जड व थोडे सैल ठेवले. त्यामुळे धूळ, चिखल, काजळी यांना न जुमानता रायफल चालत राहते. त्या बदल्यात अचूकता थोडी कमी होते. अभियांत्रिकीत प्रत्येक गुणाची अशी किंमत मोजावी लागते.

पुण्यात आखलेली रायफल

पुण्यात १९५८ मध्ये सुरू झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने १९८०च्या दशकात ५.५६ मि.मी.ची 'भारतीय लहान शस्त्र प्रणाली' आखायला घेतली. इन्सास हे तिचेच इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव. वायूवर चालणारी यंत्रणा व फिरता बोल्ट एकेच्या धर्तीचा, वायू कमी-अधिक करण्याची सोय बेल्जियमच्या रायफलीसारखी, आणि एका चापेत तीनच गोळ्या सुटाव्यात अशी योजना. उत्पादन पश्चिम बंगालमधील इशापूर, तसेच कानपूर व तिरुचिरापल्ली येथील कारखान्यांत झाले.

१९९९च्या कारगिल युद्धात ती वापरली गेली आणि तिचे दोषही उघड झाले. काडतुसे किती उरली हे दिसावे म्हणून मॅगझिन पारदर्शक प्लॅस्टिकचे केले होते. कडाक्याच्या थंडीत त्याला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. बहुवारिकाच्या लांब साखळ्यांची हालचाल तापमान घटले की मंदावते आणि लवचीक पदार्थ काचेसारखा ठिसूळ होतो. रबरी नळी बर्फात ठेवून हे वर्गातही थोडेफार दाखवता येते. पुढे सुधारणा झाल्या, तरी नक्षलग्रस्त भागांतील दलांचा ओढा एकेकडेच राहिला. २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील कोरवा येथे रशियाच्या भागीदारीत एके-२०३ चा कारखाना उभारण्याचे जाहीर झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला. तिचे काडतूस पुन्हा तेच, ७.६२ × ३९ मि.मी.चे.

कोट्यवधींची संख्या

एके जातीच्या रायफली जगात किती असाव्यात? अंदाज ७ ते १० कोटींचा आहे. एका कारखान्याचे हे काम नव्हे. सोव्हिएत संघाने आराखडे व यंत्रसामग्री मित्रराष्ट्रांना दिली. चीनने १९५६ मध्ये आपली 'टाइप-५६' काढली. पोलंड, पूर्व जर्मनी, हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, उत्तर कोरिया, इजिप्त यांनी उत्पादन सुरू केले, तर युगोस्लाव्हियाने परवान्याशिवाय आपली आवृत्ती बनवली. त्याआधी बरीच वर्षे रायफलीचा सांगाडा पोलादाचा ठोकळा कातून करावा लागे. १९५९च्या 'एकेएम'मध्ये तो पत्रा साच्यात दाबून होऊ लागला. त्यामुळे वजन घटले आणि उत्पादन वेगाने व स्वस्तात होऊ लागले.

शीतयुद्ध संपल्यावर या रायफली कोठारांतून बाहेर पडल्या. १९९७ मध्ये अल्बानियात शासनव्यवस्था कोसळली, तेव्हा सरकारी कोठारांतून पाच लाखांहून अधिक शस्त्रे लुटली गेली. साधेपणा व टिकाऊपणा हे सैनिकाच्या दृष्टीने गुण. परंतु पन्नास वर्षे टिकणारे शस्त्र त्या काळात अनेक मालक बदलते. आरेखन करणारा ते परत बोलावू शकत नाही. लुटलेल्या इन्सासचेही तेच झाले.

भंडाऱ्याकडची बाजू

आपल्याकडच्या तांदळाच्या गिरणीचा शाफ्ट गावातला लोहार किंवा लेथवाला दुरुस्त करून देतो. बेअरिंग मात्र बाहेरूनच आणावे लागते. रायफल व काडतूस यांचे नाते काहीसे असेच आहे. रायफल दुरुस्त होत राहते. काडतुसासाठी मात्र नत्राम्ल, शुद्ध सेल्युलोज, पितळाचे खोलवर ओढलेले कवच, टोपीतील संवेदनशील रसायन आणि मापांतील सूक्ष्म अचूकता लागते. शिवाय ते एकदाच वापरता येते. महाराष्ट्रात हे काम खडकीचा १८६९ मध्ये स्थापन झालेला कारखाना व जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना करतात. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची अक्षरे व वर्ष उमटवलेले असते. खडकीची खूण 'के. एफ.' अशी आहे. सापडलेले रिकामे कवच कोठून आले, याचा माग या खुणेवरून काढता येतो.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरचा आयुध कारखाना स्फोटके व प्रणोदक द्रव्ये बनवतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात ८ कामगारांचा मृत्यू झाला. शस्त्राची किंमत गोळी सुटण्याआधीही मोजावी लागते, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

नायट्रोसेल्युलोज साठवणीतही हळूहळू विघटन पावते. त्यातून निघणारी नत्राची ऑक्साइडे पुढील विघटनाला गती देतात. म्हणून त्यांना शोषून घेणारे डायफिनाइल अमाइनसारखे स्थिरक दारूत मिसळतात. थंड व कोरड्या जागी काडतूस काही दशके टिकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात, जमिनीत पुरलेल्या डब्यात, त्याचे काय झाले असेल हे बाहेरून पाहून कळत नाही.

यासाठी प्रत्येक शिक्षकाने वर्गात एक सूचना स्पष्टपणे द्यावी. तेंदूपाने किंवा मोहफुले वेचताना, गुरे चारताना काडतूस, डबा, तारा किंवा अनोळखी धातूची वस्तू दिसली तर तिला हात लावू नये, ठोकू नये, घरी आणू नये आणि चुलीजवळ तर मुळीच नेऊ नये. जागा लक्षात ठेवून मागे फिरावे आणि मोठ्यांमार्फत पोलीस ठाण्याला किंवा पोलीस पाटलांना कळवावे. संवेगाचे गणित परीक्षेत एखाद्याचे चुकले तर गुण जातील. ही सूचना मात्र एकाही मुलाच्या कानावरून निसटता कामा नये.