बोबो बाहुलीने नेमकं काय सिद्ध केलं?

एखाद्या अल्पवयीन मुलाच्या हातून गंभीर गुन्हा घडला की तो मोबाइलवर कोणता गेम खेळत होता, याची चर्चा लगेच सुरू होते. 'हिंसा बघून मुलं हिंसक होतात, हे मानसशास्त्राने केव्हाच सिद्ध केलंय,' असं कुणीतरी ठासून सांगतं आणि पुरावा म्हणून बोबो बाहुलीचा दाखला देतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, साधारण तीन ते सहा वर्षांची ७२ मुलं त्यात होती. त्यांतल्या २४ जणांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलं, लाथा घातल्या. पुढे त्या बाहुलीजवळ सोडल्यावर यांतल्या अनेक मुलांनी तसंच केलं. मात्र या प्रयोगात पडदा नव्हताच. मुलांनी जे पाहिलं ते प्रत्यक्ष. चित्रफितीचा वापर १९६३ च्या प्रयोगात झाला, आणि तिथेही मुलांनी नक्कल केली. शिवाय बोबो हे बुडाशी जड असलेलं, पाडलं तरी पुन्हा उभं राहणारं खेळणं. ते ठोसे खाण्यासाठीच बनवलेलं असतं. त्याला मारणं आणि शेजारच्या मुलाला मारणं यांत फार अंतर आहे.

मला यापेक्षाही मोलाचा वाटतो तो बांडुरांचा १९६५ चा प्रयोग. चित्रफितीत बाहुलीला मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली, तेव्हा मुलांनी नक्कल कमी केली. पण 'त्याने काय केलं ते करून दाखव, बक्षीस मिळेल' असं म्हटल्यावर त्याच मुलांनी ते करून दाखवलं. म्हणजे पाहून शिकणं वेगळं आणि शिकलेलं आचरणात आणणं वेगळं. बोबोचा दाखला देताना नेमकं हेच विसरलं जातं.

दुसरी गफलत शब्दाची आहे. संशोधक 'आक्रमकता' मोजतात आणि बातमीत तिची 'हिंसा' होते. प्रयोगशाळेत कुणाला खरोखर मारू देता येत नाही. म्हणून प्रतिस्पर्ध्याला हेडफोनमधून किती मोठा आणि किती वेळ कर्कश आवाज ऐकवला, यावरून आक्रमकता ठरवतात. आवाजाचं बटण थोडं जास्त फिरवणाऱ्याचा उद्या चाकू उचलणाऱ्याशी संबंध जोडायला हे मोजमाप पुरेसं नाही.

मग परिणाम होतच नाही का? इथे प्रामाणिक राहायला हवं. २०१८ साली २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १७ हजारांहून अधिक मुलं आणि तरुण होते. हिंसक गेम खेळणं आणि नंतरची शारीरिक आक्रमकता यांत संबंध दिसला, पण तो लहान होता. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला. कोणती आकडेमोड करायची हे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवलं होतं, म्हणजे हवा तो निष्कर्ष नंतर शोधायला वाव नको. त्यांना असा संबंध आढळला नाही. वाद अजून मिटलेला नाही. पण २०२० मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने स्पष्ट केलं, की खऱ्या हिंसाचाराचं खापर व्हिडिओ गेमवर फोडायला पुरेसा वैज्ञानिक आधार नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण बोट गेमकडे गेलं की गुन्हा करणाऱ्या मुलाला घरात रोज मार बसत होता का, हे विचारायचं राहून जातं.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच लाडका आहे: 'मारामारी बघितली, चार ठोसे लगावले, की राग निघून जातो.' मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी यातला ठोसे लगावण्याचा भाग ६०० विद्यार्थ्यांवर तपासला. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधावर आधी बोचरी टीका करून त्यांना चिडवलं गेलं. मग काहींनी टीकाकाराला डोळ्यांसमोर आणून ठोसे मारायच्या बॅगेवर राग काढला, काहींनी व्यायाम म्हणून ठोसे मारले, आणि काही जण दोन मिनिटं नुसतेच बसून राहिले. सर्वाधिक राग पहिल्या गटात शिल्लक होता, आणि नंतर कर्कश आवाजाची शिक्षाही त्यांनीच जास्त दिली. आक्रमकता सर्वांत कमी दिसली ती नुसतं बसून राहिलेल्यांमध्ये.