तीस सप्टेंबरनंतरचा पट

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अहिल्यानगरच्या सीमेला लागून असलेल्या आष्टी तालुक्यात वाड्यावस्त्यांवरची जिल्हा परिषद शाळा सहसा लहान असते: पहिली ते चौथीचे वर्ग, दोन शिक्षक आणि एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. ज्या गावांतून ऊसतोडीला माणसे मोठ्या संख्येने जातात, तेथे अशा शाळेला जोडून हंगामी वसतिगृह चालवले जाते. सरकारी व्यवस्थेच्या आत राहून नेहमीच्या शाळेहून वेगळी वाट काढणारा हा प्रयोग आहे. त्याचे यश समजून घ्यायचे तर तेथे कोणती मुले येतात, हे आधी पाहावे लागते.

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा पट्टा पर्जन्यछायेतला, हलक्या जमिनीचा. खरीप हाती लागला न लागला की कामासाठी बाहेर पडावे लागते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, दसरा-दिवाळीच्या सुमारास अहिल्यानगर, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. या जोड्यांमध्ये वंजारी, मराठा, बंजारा, धनगर, बौद्ध, मातंग अशा अनेक समाजांची कुटुंबे असतात. शाळेच्या दाखल्यावर त्यांचे प्रवर्ग वेगवेगळे दिसतात. मुलांच्या शिकण्यावर सर्वांत खोल परिणाम करणारी गोष्ट मात्र त्यांच्यात समान आहे. ती म्हणजे वर्षातले सुमारे सहा महिने आईवडील गावात नसणे.

ही गोष्ट नोंदीत सापडत नाही. शाळांची पटसंख्या वर्षानुवर्षे ३० सप्टेंबर या तारखेची धरली जात आली. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याचा हिशोबही, त्याच पटावर होत आला. त्या दिवशी ऊसतोड कामगारांची मुले वर्गातच असतात. टोळ्या निघतात त्यानंतर. दुसरे सत्र नोव्हेंबरमध्ये सुरू होते तेव्हा कागदावरचा वर्ग आणि खोलीतला वर्ग वेगळे झालेले असतात. आष्टीसारख्या तालुक्यात डिसेंबरचा पट स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय शाळेबद्दल काहीही ठामपणे बोलू नये, इतका हा फरक महत्त्वाचा आहे.

गुणवत्तेच्या मोजमापातही हीच अडचण येते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले, त्यानंतरचे ‘परख’ सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी. दोन्ही तारखा गाळप हंगामातल्या. अशी चाचणी त्या दिवशी शाळेत हजर असलेल्या मुलांचीच होते. उसाच्या फडात असलेले मूल सरासरीत येत नाही, त्यामुळे सरासरी खाली ओढतही नाही. ‘असर’ ही शिक्षणाच्या स्थितीची पाहणी मात्र घरोघरी जाऊन होते. तिच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील जेमतेम निम्म्या, ४८.८ टक्के, मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. वर्षभर शाळेत बसणाऱ्या मुलांसह ही स्थिती असेल, तर अर्धे वर्ष बुडालेल्या मुलाकडून किती अपेक्षा धरायची?

लहान शाळेच्या बाबतीत टक्केवारीही जपून वाचावी लागते. समजा, चौथीत आठ मुले आहेत. त्यातले एक मूल फडावरून वाचन विसरून परतले, तर वर्गाचा निकाल साडेबारा टक्क्यांनी घसरतो. त्यात शिक्षकाचे कसब कमी पडले, असे म्हणता येत नाही. येथे मुलामुलीगणिक प्रगती पाहणे हाच प्रामाणिक मार्ग: जूनमध्ये कुठे होते, एप्रिलमध्ये कुठे आहे.

फडावर काय होते? तळावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणाऱ्या मुलाला सलग शाळा मिळणे अवघड. कारखान्यांजवळ साखरशाळा चालवून पाहण्यात आल्या. पण तळ हलतात, पहाटे आईवडील निघून गेले की धाकटे भावंड सांभाळावे लागते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करावे लागतात आणि सीमेपलीकडे गेले की शाळाच कन्नड असते. शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेशाचा आणि दाखल्यासाठी न अडवण्याचा हक्क दिला, तरी चार महिन्यांसाठी नव्या शाळेत बसलेले मूल तेथे पाहुणेच राहते.

हंगामी वसतिगृह याच्या उलट दिशेने जाते: मुलाला हलवायचेच नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. अनेक गावांत ती रात्री आजी-आजोबांकडे झोपतात. शिक्षक तेच, पुस्तक तेच, मित्र तेच. या व्यवस्थेची खरी ताकद या सातत्यात आहे. तिची कमजोरीही उघड आहे. कोयते बाहेर पडण्याआधी वसतिगृह सुरू झाले नाही, तर मूल गाडीत बसून गेलेले असते आणि मग फेब्रुवारीत आलेला निधी त्याच्या उपयोगाचा नसतो.

मुलींचा प्रश्न आणखी बिकट. मोठी मुलगी फडावर स्वयंपाकाला आणि भावंडांना लागते. मागे ठेवावी तर तिच्या सुरक्षिततेची काळजी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. गावातली शाळा चौथीला संपली की पुढची शाळा तीन किलोमीटरपर्यंत दूर असू शकते, आणि अनेक मुलींचे शिक्षण नेमके त्या अंतरावर थांबते.

या वयासाठी राज्य सरकारने २०२१मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली: ऊसतोड कामगारांच्या ४१ तालुक्यांत मुलामुलींची मिळून ८२ वसतिगृहे, प्रत्येकात १०० जागा. ही वसतिगृहे तालुक्याच्या पातळीवरची आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गावातल्या दोनशिक्षकी शाळेला पर्याय नाही. म्हणून २०२३मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा या पट्ट्यासाठी तो अधिक काळजीचा होता: येथे शाळा दूर नेली, तर मूल आजीच्या घरी राहूनही शाळेबाहेर पडू शकते.