चुक्याचा वाफा

भाजीबाजारात मेथी-पालकाच्या ढिगाआड दोन-चार जुड्यांनी ज्याची हजेरी लागते, अळूच्या फदफद्यात खाज मोडण्यापुरती ज्याची आठवण होते आणि एरवी ज्याची कोणी फारशी दखल घेत नाही, त्या आंबट चुक्याचा एक वाफा मी गेली कित्येक वर्षे दरसाल कार्तिकात परसात करीत आलो आहे. संस्कृतात हा चुक्र. वनस्पतिशास्त्रज्ञ याला रुमेक्स व्हेसिकारियस म्हणतात.

मशागत थोडी. कुजलेले शेणखत घालून माती भुसभुशीत केली, बी राखेत मिसळून फेकले आणि वरून मातीचा पातळ हात फिरवला, की काम झाले. कठीण आहे ते पुढचे, म्हणजे पाण्याचा मोह आवरणे. पहिल्या वर्षी मी मायेपोटी सकाळ-संध्याकाळ झारी धरली, आणि तीन दिवसांत निम्मी रोपे बुडाशी काळी पडून आडवी झाली. तेव्हापासून बोट पेराएवढे मातीत खुपसून ओल पाहिल्यावाचून मी पाणी देत नाही, आणि दाट उगवलेली रोपे जिवावर येऊनही विरळ करतो.

महिन्या-सव्वामहिन्यात पाने खुडणीला येतात. पान मांसल, फिकट हिरवे, बुडाशी रुंद व टोकाकडे निमुळते. देठ जिथे खोडाला मिळतो तिथे पेऱ्याभोवती कांद्याच्या सालीहून तलम असा पारदर्शक पापुद्रा गुंडाळलेला असतो. या साऱ्या कुळाची ती खूण; ती एकदा दृष्टीस पडली की चुका ओळखण्यात चूक होत नाही. बाहेरची पाने देठासकट घ्यावीत, गाभ्याला हात लावू नये. म्हणजे रोप पुन्हा फुटते. चुलीवर चढताच हा हिरवा रंग पाहता पाहता शेवाळी होतो, कारण पानातले आम्ल हरितद्रव्यातील मॅग्नेशियम काढून घेते. याच आम्लामुळे बिनकल्हईच्या पितळी भांड्यात चुका शिजवण्याची घरोघर मनाई असे, आणि मूतखड्याची प्रकृती असणाऱ्याने आजही तो बेतानेच खावा.

माघाचे ऊन तापू लागले की मधून दांडा वर येतो, पाने बारीक व राठ होतात, आणि वाफा संपला असे समजून बहुतेक लोक तो उपटून टाकतात. ही घाई मला मान्य नाही. कारण त्यानंतरच दांड्यावर कागदासारख्या तीन-तीन पंखांची, गुलाबी शिरांच्या जाळीची फळे घोसांनी लटकतात, आणि त्यांच्या पोटात चकचकीत, त्रिधारी बी पिकते. पंख वाळून खडखडू लागले की, वाऱ्याने ते उडवून नेण्यापूर्वी, घोस कापून सावलीत पसरावेत व तळहातावर चोळून बी निराळे करावे.

दोन रोपे तेवढी राखा. पुढच्या कार्तिकातल्या वाफ्याला तेवढे बी पुरते.