क्रूझ कंट्रोल आणि रस्त्यात उभा ट्रक

ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल लावलेली गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत आहे आणि पुढे ताशी ६० ने रेंगाळणारा ट्रक आला, तर गाडी आपणहून वेग उतरवते, ट्रकपासून ठरलेलं अंतर राखते आणि ट्रक बाजूला झाला की पुन्हा शंभरावर जाते. चालकाला ब्रेकवर पाय न्यावाही लागत नाही. तोच ट्रक टायर फुटून लेनमध्येच उभा असेल, तर मात्र हीच गाडी वेग न उतरवता त्याच्या दिशेने जात राहण्याची शक्यता असते. चालता ट्रक ओळखणारं यंत्र उभ्या ट्रकपाशी चुकतं, हे ऐकायला उलटंच वाटतं. पण त्यामागचं कारण ज्याला नीट कळलं, त्याला ही सुविधा कुठे वापरावी आणि कुठे बंद करावी हे वेगळं शिकवावं लागत नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि ते कळण्याची आता निकड आहे. २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टरसारख्या मोठ्या गाडीत आणि २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये आलेली ही सोय पुढच्या दोन-तीन वर्षांत मध्यमवर्गाच्या खिशाला परवडणाऱ्या गाड्यांपर्यंत पोहोचली. त्याच काळात नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. सरळ, लांबलचक रस्ता आणि कारला ताशी १२० ची मुभा. अशा रस्त्यावर क्रूझचं बटण दाबलं जाणारच.

या यंत्रणेचा डोळा म्हणजे पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे बसवलेलं रडार. बहुतेक गाड्यांत ते ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतं, म्हणजे त्याची तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर. या लहरी पुढच्या वाहनावर आपटून परत येतात. जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं आणि परतलेल्या लहरींच्या बदललेल्या वारंवारतेवरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, दोन वाहनांच्या वेगातला फरक कळतो. पोलिसांच्या स्पीडगनमध्ये हेच तत्त्व आहे. वेगात सेकंदाला एका मीटरचा फरक असला, तरी वारंवारता सुमारे ५०० हर्ट्झने सरकते आणि हा बदल रडार अगदी अचूक टिपतं. त्यामुळे वेग मोजण्यात ते माणसाच्या डोळ्यापेक्षा कितीतरी सरस आहे. त्याची दुखरी बाजू दिशा ओळखण्याची. कोनाच्या अंदाजात दोन अंशांचा फरक पडला, तर १५० मीटर अंतरावर तो सव्वापाच मीटरचा होतो आणि द्रुतगती मार्गाची एक लेन पावणेचार मीटरची असते. उंचीच्या बाबतीत तर जुनी रडार जवळजवळ आंधळीच.

आता उभ्या ट्रकचा विचार करू. गाडी शंभराने जात असेल, तर उभा ट्रकही रडारला शंभराच्याच वेगाने जवळ येताना दिसतो. पण रस्त्यावरच्या फलकाची लोखंडी कमान, पुलाचा कठडा, दुभाजकाची पत्र्याची पट्टी, पुलाच्या सांध्यातली लोखंडी पट्टी हे सगळं नेमकं त्याच वेगाने जवळ येत असतं. कमान डोक्यावरून जाणार आहे की वाटेत आडवी येणार आहे, हे उंची न कळणाऱ्या रडारला ठरवता येत नाही. प्रत्येक कमानीपाशी गाडीने कचकन ब्रेक लावला, तर मागून येणारी बस आपल्यावर आदळेल. म्हणून अभियंत्यांनी जाणीवपूर्वक निवड केली: जे हलतं आहे किंवा आधी हलताना दिसलं होतं, त्यालाच वाहन मानायचं आणि पहिल्यापासून स्थिर असलेल्या प्रतिध्वनींना फारशी किंमत द्यायची नाही. हा निष्काळजीपणा नव्हे. मिळालेल्या डोळ्यांत तेवढंच शक्य होतं. पण त्यातून एक गोष्ट ठरून गेली. हे यंत्र पुढच्या चालत्या वाहनामागे सुरक्षित अंतराने जाण्यासाठी बनलं आहे, रस्त्यावरचा धोका ओळखण्यासाठी नाही.

दुसरी मर्यादा ब्रेकची आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. या सुविधेसाठी असलेल्या आयएसओ १५६२२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार महामार्गावरच्या वेगात यंत्रणेने सरासरी दर सेकंदाला साडेतीन मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त वेग उतरवायचा नसतो. म्हणजे एका सेकंदात ताशी साधारण साडेबारा किलोमीटर. हिशेब करून पाहा. १२० वरून ६० वर यायला, म्हणजे चालत्या ट्रकशी वेग जुळवायला, दोघांमधलं सुमारे ४० मीटर अंतर खर्ची पडतं. तेवढं अंतर रडारच्या पल्ल्यात सहज असतं. १२० वरून शून्यावर यायला मात्र जवळपास १६० मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर सावध चालकाने पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला, तर ब्रेक लागल्यापासून तीच गाडी त्याच्या निम्म्या अंतरात थांबते. आणीबाणीत आपोआप जोरात ब्रेक लावणारी यंत्रणा वेगळी असते आणि ती या सुविधेच्या बरोबरीने गाडीत असते हे खरं. पण ती अखेरच्या क्षणी धडक टाळण्यासाठी किंवा धडकेचा जोर कमी करण्यासाठी आहे. ताशी १२० ने जाताना तिच्यावर विसंबणं म्हणजे सगळी भिस्त शेवटच्या एका-दोन सेकंदांवर टाकणं.

या दोन्ही मर्यादा एकत्र आल्या की काय घडतं, याची एक नीट तपासलेली नोंद उपलब्ध आहे. २२ जानेवारी २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटी इथे महामार्गाच्या लेनमध्ये अग्निशमन दलाचा बंब उभा होता. आधी झालेल्या एका अपघाताच्या मदतीसाठी तो आला होता. मागून टेस्ला मॉडेल एस येत होती आणि तिची ऑटोपायलट यंत्रणा चालू होती. त्या यंत्रणेतला वेग आणि अंतर सांभाळणारा भाग म्हणजे ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलच. चालकाने वेग ठरवून दिला होता ताशी सुमारे १२९ किलोमीटर. पुढे दुसरं वाहन असल्यामुळे गाडी ताशी जेमतेम ३४ ने चालली होती. धडकेच्या तीन-चार सेकंद आधी ते पुढचं वाहन उजवीकडच्या लेनमध्ये गेलं. टेस्लाच्या हिशेबी पुढचा रस्ता मोकळा झाला आणि दिलेल्या आज्ञेप्रमाणे ती वेग वाढवू लागली. ताशी सुमारे ५० च्या वेगाने ती बंबावर आदळली. धोक्याचा इशारा वाजला तो धडकेच्या ०.४९ सेकंद आधी. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालात चालकाचं दुर्लक्ष आणि यंत्रणेवरची अवाजवी भिस्त ही कारणं नोंदवली. चालकाला असं बेसावध राहू देणाऱ्या रचनेवरही बोट ठेवलं.

या अपघातात सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तो १२९ चा आकडा. ठरवून दिलेला वेग ही कायमची आज्ञा असते. पुढे वाहन असेपर्यंत ती दबून राहते आणि वाहन बाजूला होताच अमलात येते. वाहतूक चाळिसावर आली असेल आणि आपण सेट केलेला वेग शंभरच असेल, तर गाडी प्रत्येक क्षणी शंभराकडे झेपावायला सज्ज असते. म्हणून गर्दी वाढली की स्टिअरिंगवरच्या बटणाने सेट केलेला वेगही खाली आणावा, वाहतुकीच्या वेगापेक्षा थोडाच वर ठेवावा. महामार्ग सोडून उताराच्या फाट्याला वळण्याआधी, टोलनाक्याच्या अलीकडे आणि गाव लागताच क्रूझ सरळ बंद करावं. आणि पुढचं वाहन अचानक लेन बदलू लागलं, तर पाय तत्काळ ब्रेकवर यायला हवा. ते वाहन लेन का बदलतं आहे, हे आपल्याला अजून दिसलेलं नसतं. ॲक्सिलरेटरवर पाय टेकवून ठेवण्याची सवयही घातक आहे, कारण ॲक्सिलरेटर दाबलेला असेपर्यंत यंत्रणा चालकाची आज्ञा मानते आणि अंतर राखण्यासाठी ब्रेक लावत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सतत डोळ्यांत तेल घालूनच बसायचं असेल, तर मग ही सोय हवी कशाला? माझं उत्तर असं की चालक एकाच वेळी दोन कामं करत असतो: पायाने वेग जुळवत राहणं आणि डोळ्यांनी रस्ता वाचणं. यंत्र पहिलं काम माणसापेक्षा जास्त सातत्याने करतं. शंभराच्या वेगात पुढच्या गाडीला चिकटून जाणाऱ्या कितीतरी चालकांपेक्षा ते निश्चितच बरं अंतर राखतं. आठ तासांच्या प्रवासात पायाचा शीण वाचतो हाही खरा फायदा. पण वाचलेलं लक्ष आपसूक रस्त्याकडे वळत नाही, हे मानसशास्त्राला फार आधीपासून माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारचालकांना पडद्यावरच्या खुणा निसटू लागल्या, तेव्हा केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ बनवलं. त्याचा काटा ठरावीक टप्प्याने सरकायचा आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारायचा. समोर बसलेल्याने ती उडी टिपायची, एवढंच काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या हातून उड्या सुटू लागायच्या. पुढे १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी स्वयंचलनावरच्या गाजलेल्या निबंधात मांडलं की यंत्र सोपं काम घेतं आणि अवघड काम माणसावर सोडतं. तेही अशा माणसावर, ज्याचा सराव तोवर सुटलेला असतो. अमेरिकेतल्या वाहन विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने बोस्टन परिसरातल्या चालकांचा अभ्यास करून २०२१ मध्ये दाखवलं की अशा साहाय्यक यंत्रणा चालू असताना वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी वाढते. म्हणजे सोय हाताशी आली की माणूस ती सावधपणासाठी कमी आणि वेगासाठी जास्त वापरतो.

म्हणून मी म्हणतो की ही सुविधा सुरक्षित वापरायची, तर वाचलेलं लक्ष जाणूनबुजून दूरवर लावावं लागतं: पुढच्या वाहनाच्याही पुढे, शोल्डरवर उभ्या गाड्यांकडे, आरशाकडे. दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं. झोप येत असताना क्रूझ लावणं तर सर्वांत वाईट, कारण चालक पेंगला की ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल पडून गाडी हळू होण्याची जी एक शक्यता असते, तीही क्रूझमुळे संपते. समृद्धीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. क्रूझचा त्या अपघाताशी संबंध लावण्याचं कारण नाही. पण आपल्या द्रुतगती मार्गांवर ट्रकवर मागून होणारी धडक किती जीवघेणी असते, हे त्यातून कळतं. आणि यंत्राची नजर कमी पडते ती नेमकी उभ्या वाहनापाशी.

नव्या गाड्यांत रडारच्या जोडीला कॅमेरा असतो, तो उभा ट्रकही ओळखतो, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. उंची मोजणारी नवी रडारही आली आहेत आणि सुधारणा खरी आहे. पण कॅमेरा ओळखतो ते त्याला शिकवलेले आकार. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर काय असतं ते आठवा: दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागचा लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, बाजूंनी लोंबणाऱ्या उसामुळे वाहनाचा आकारच हरवलेला. बांधकामाच्या सळ्या घेऊन जाणाऱ्या ट्रकची गोष्ट तर आणखी गंभीर. रडारला प्रतिध्वनी मिळतो तो ट्रकच्या आसाकडून किंवा मागच्या फळीकडून. तिच्या मागे काही मीटर बाहेर आलेल्या सळ्या त्याच्या हिशेबात येतीलच असं नाही. यंत्र अंतर राखतं ते ट्रकपासून, सळ्यांच्या टोकापासून नाही. अशा वाहनामागे, लेनच्या कडेने जाणाऱ्या दुचाकीमागे आणि उलट दिशेने वाहनं येण्याची सवय असलेल्या रस्त्यावर क्रूझ बंदच असावं.

घाटातही तेच. रडारची नजर नाकासमोर असते. बोरघाटाच्या वळणावर पुढची गाडी त्या नजरेबाहेर गेली की यंत्रणा रस्ता मोकळा समजून वेग वाढवू शकते किंवा शेजारच्या लेनमधल्या ट्रकला आपल्याच लेनमधला मानून ब्रेक लावू शकते. पावसाळ्यात बंपरवर साचलेला चिखल आणि पाण्याचा थर या बारीक लहरी शोषून घेतो. पण त्याहून मोठी अडचण टायरची आहे. आपण ठरवलेलं अंतर सेकंदांत असतं आणि ते ओल्या रस्त्यावरही तेवढंच राहतं, थांबायला लागणारं अंतर मात्र खूप वाढलेलं असतं. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागले असताना यंत्रणा चाकांना आणखी ताकद देऊ शकते. मुसळधार पावसात पाय आणि डोकं दोन्ही चालकाचंच हवं.

शेवटचा आक्षेप आपल्या रस्त्यांवरचा नेहमीचा: अंतर मोठं ठेवलं की कुणी ना कुणी कट मारून मध्ये घुसतोच, म्हणून बहुतेक जण सर्वांत कमी अंतराची पातळी निवडतात. शंभराच्या वेगात एका सेकंदाचं अंतर म्हणजे २८ मीटर, दोन सेकंदांचं ५६. पुढच्याने ब्रेक दाबल्यावर माणसाला काय घडतंय ते कळून ब्रेकवर पाय ठेवायलाच दीड सेकंदाच्या आसपास लागतो, त्यामुळे लहान पातळी निवडणाऱ्याने यंत्र कमी पडलं तर सावरायला जागाच ठेवलेली नसते. आणि घुसणाऱ्यांमुळे नुकसान तरी किती होतं? एक गाडी मध्ये आली की आपली गाडी तिच्यामागे पुन्हा दोन सेकंदांचं अंतर तयार करते, म्हणजे आपण फार तर दोन सेकंद मागे पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ९४.५ किलोमीटरमध्ये अशा तीस गाड्या घुसल्या, तरी पुण्याला पोहोचायला सुमारे एक मिनिट उशीर होतो.