चाकांना द्या चाकोरी

मुलांनो, भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंदच्या बाजूला तुमचं शेत असेल, तर जोराचा पाऊस उघडला की बांधावर उभं राहून नीट बघा. बाकी शेतातलं पाणी मुरलेलं असतं. पण ट्रॅक्टरची चाकं जिथून गेली, त्या दोन पट्ट्यांत मात्र ते तुंबून राहिलेलं! शेत एकच, पाऊसही एकच. मग तिथलंच पाणी का मुरत नाही?

त्याचं कारण मातीच्या पोटात आहे. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते, ठाऊक आहे? चाक न फिरलेल्या जागेतलं एक ढेकूळ हलक्या हातानं फोडा. बारीक छिद्रं, कुजलेल्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची भुयारं दिसतील. पाणी याच वाटांनी खाली जातं आणि हवाही इथूनच खेळते. आता चाकाखालचं ढेकूळ फोडा. ते सहजी फुटत नाही. फुटलं तर आत चपटे, गुळगुळीत थर दिसतात. जाळीदार इडली बोटानं दाबली की जाळी मिटते ना, तसंच इथं झालेलं असतं.

आपल्याकडचा नेहमीचा ट्रॅक्टर साधारण 2 टनांचा असतो. तूर कापायला येणारं हार्वेस्टर, उसानं भरलेली ट्रॉली तर त्याहून कितीतरी जड. वजन जितकं जास्त, तितका दाब खोल जातो. त्यात माती ओली असेल तर विचारूच नका! पाण्यामुळे मातीचे कण एकमेकांवरून सहज घसरतात आणि घट्ट जाऊन बसतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि त्यातून स्वतःला थोडीफार मोकळी करते. पण खोलवर बसलेला घट्टपणा निघायला वर्षानुवर्षं लागतात.

याचा त्रास तुरीला फार होतो. कलबुर्गीची तूर केवढी नावाजलेली! 'गुलबर्गा तूर डाळ' या नावानं तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तुरीचं सोटमूळ मोकळ्या मातीत 2 मीटरपर्यंत खाली उतरतं, म्हणून पाऊस गेल्यावरही ती तग धरते. वाटेत घट्ट थर लागला की मूळ आडवं वळतं आणि खालची ओल वरच्या झाडाला मिळत नाही. मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र पकडणारे जिवाणू राहतात. हवा कमी पडली की त्यांचंही काम मंदावतं.

मग काय, ट्रॅक्टर सोडून द्यायचा? छे! त्याला ठरलेली वाट द्यायची.

चला, एक हिशेब करू. ट्रॅक्टरचं मागचं एक चाक सुमारे 35 सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोन चाकांचे झाले 70. मागे 210 सेंटिमीटर रुंदीचं पेरणी यंत्र आहे असं समजा. एका फेरीत 210 पैकी 70, म्हणजे एक तृतीयांश रान दबलं! आता पाळी एका वाटेनं, पेरणी दुसऱ्या, फवारणी तिसऱ्या वाटेनं झाली, तर मोकळं रान उरणार किती? पण दरवेळी चाकं त्याच पट्ट्यांवरून फिरली, तर दोन तृतीयांश रानाला चाक शिवतच नाही. शिवाय बरंचसं नुकसान पहिल्याच फेरीत होतं; दबलेल्या पट्ट्यावरून पुन्हा गेलं तर फार भर पडत नाही. उलट घट्ट वाटेवर चाक कमी घसरतं आणि डिझेल वाचतं.

या युक्तीचं एक मोठं उदाहरण अगदी आपल्या शेजारी आहे. बिदरहून झहिराबादमार्गे हैदराबादला जाताना पाटनचेरू लागतं. तिथं 1972 मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी काळ्या मातीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली: साधारण 1 मीटर रुंद वरंबा आणि शेजारी अर्धा मीटर सरी. पीक वरंब्यावर, बैल आणि अवजारांची चाकं फक्त सरीतून. जादा पाणीही सरीतूनच निघून जातं. 1976 पासून चाललेल्या तिथल्या प्रयोगात सुधारित शेतीनं हेक्टरी सरासरी 5 टनांच्या आसपास धान्य दिलं, जुन्या पद्धतीनं 1 टनाच्या आसपास. त्यात सुधारित बियाणं आणि खतांचाही वाटा होता. पण सगळ्याचा पाया होता तो जागच्या जागी राहणारा, न तुडवलेला वरंबा. आज हीच पद्धत ट्रॅक्टरच्या बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी यंत्रानं सोयाबीनसाठी वापरतात. ऑस्ट्रेलियातले शेतकरी तर उपग्रहाच्या मदतीनं ट्रॅक्टर दरवर्षी नेमका त्याच पट्ट्यावरून चालवतात!

करून बघा

1. पाऊस पडून गेल्यावर छत्रीची जुनी, सरळ काडी मोठ्यांच्या देखत मातीत हळू खुपसा. आधी चाकाच्या पट्ट्यात, मग पिकाच्या ओळीत. काडी किती खोल जाते ते पट्टीनं मोजा आणि वहीत लिहा.

2. शेतात ट्रॅक्टर घालण्याआधी वाफसा (म्हणजे मशागतीला योग्य, बेताची ओल) आलाय का, ते तपासा. एक वीतभर खालची मूठभर माती घट्ट दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. तसाच राहिला तर बाबांना सांगा, अजून थांबा.

3. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरची चाकं जिथून आत गेली, तिथं दोन्ही बांधांवर खुंट्या ठोका. पुढच्या वेळी भाड्याचा ट्रॅक्टर आला, की ट्रॅक्टरवाल्या काकांना त्या खुंट्या दाखवा आणि सांगा, "काका, ट्रॅक्टर इथूनच घाला!"